तीन काडतुसं आणि चंपावतची वाघीण : जिम कॉर्बेट यांच्या बंदुकांची गोष्ट

वाघाची शिकार म्हटलं की जिम कॉर्बेट हे नाव लहान पोरंसुद्धा सांगतात. कोणी पुस्तक वाचलेलं असतं, कोणी उत्तराखंडच्या कॉर्बेट अभयारण्याचे व्हिडिओ मोबाईलवर पाहिलेले असतात. पण त्यांच्या हातात बंदूक कोणती होती, काडतूस कोणतं होतं आणि त्या बंदुकीने त्यांना कुठे तारलं, कुठे दगा दिला, हे फारसं कोणी सांगत नाही. महाड-पोलादपूरच्या डोंगरातल्या लोकांना बंदूक नवी नाही. शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक किंवा बारा बोअर अनेक वाड्यांवर कुणा ना कुणाच्या घरात असायचीच. म्हणून ही गोष्ट बंदुकीच्या बाजूनेच सांगायची.

जिमचा जन्म २५ जुलै १८७५ चा, नैनितालचा. वडील तिथे पोस्टमास्तर. भावंडं डझनभर. वडील लवकर गेले आणि घराची जबाबदारी आईवर, मेरी जेनवर आली. उन्हाळ्यात नैनिताल आणि थंडीत खाली तराईत कालाढुंगी, असं कुटुंबाचं दोन घरांत राहणं. कालाढुंगीला घराच्या कुंपणापाशीच रान सुरू होत असे. पोरगा शाळेपेक्षा रानात जास्त. आधी हातात गलोल आली, मग धनुष्यबाण, मग बंदूक.

ती पहिली बंदूक म्हणजे मोडकंतोडकं प्रकरण होतं. दोन नळ्यांची ठासणीची बंदूक, पण एक नळी जास्त दारू ठासल्यामुळे फाटलेली. दस्ता नळीपासून सुटू नये म्हणून पितळी तारेने आवळून बांधलेला. स्टीफन डीझ नावाचे एक नातेवाईक कुमाऊंच्या पक्ष्यांवर पुस्तक लिहीत होते. त्यांना पक्ष्यांचे नमुने आणून द्यायचे, या बोलीवर ती जिमला मिळाली. वय अवघं आठ-दहा वर्षांचं. ठासणीची बंदूक ज्याने चालवली आहे त्याला माहीत आहे की तिथे घाई चालत नाही. आधी दारू, मग बोळा, मग छर्रे, परत बोळा, गजाने ठासणं आणि शेवटी टोपी. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत सावज डोंगर ओलांडून जातं. त्यातून एकच नळी चालणारी. त्यामुळे या पोराला जवळ जायची, वारा बघायची आणि नेम पक्का असल्याशिवाय चाप न ओढायची सवय लागली. पुढच्या आयुष्यात कॉर्बेट यांच्या हातात लंडनच्या भारी भारी रायफली आल्या, पण सवय ती तारेने बांधलेल्या बंदुकीचीच राहिली.

त्यानंतर शाळेच्या कॅडेट तुकडीमुळे त्याच्या हाती .४५० ची मार्टिनी रायफल आली. एका वेळी एकच काडतूस घेणारी. खांद्याला असा धक्का देणारी की मोठा माणूसही मागे सरकावा. त्याच रायफलीने त्याने पहिला बिबट्या मारला. पोर होता अजून.

अठराव्या वर्षाच्या सुमाराला शिक्षण सुटलं आणि तो रेल्वेत लागला. तेव्हा काही इंजिनं लाकडावर चालत, त्या लाकडाच्या तोडीवर देखरेख करायची नोकरी. पुढे बिहारात गंगेकाठी मोकामा घाटावर माल उतरवण्या-चढवण्याचा ठेका घेतला आणि वीसेक वर्षं तिथे मजुरांबरोबर काढली. वाघ मारणं हा कॉर्बेट यांचा धंदा कधीच नव्हता. रजा काढून जायचे आणि काम झालं की परत घाटावर यायचे.

१९०७ साल. कुमाऊंच्या पूर्वेला चंपावत भागात एका वाघिणीने माणसं मारण्याचा सपाटा लावला होता. आधी ती नेपाळात होती. तिथे तिने २०० माणसं मारल्यावर हाका करून तिला सीमेपार हाकललं गेलं. इकडे आल्यावर आकडा ४३६ पर्यंत गेला. गावंच्या गावं दारं लावून आत बसलेली. शेतात जायला कोणी तयार नाही, पिकं उभी वाळताहेत, शौचाला जायचं म्हटलं तरी सोबत लागते. सरकारने कॉर्बेट यांना विचारलं. त्यांनी दोन अटी घातल्या. वाघिणीवरचं इनाम रद्द करायचं, आणि रानात फिरणारे बाकीचे सगळे शिकारी व शिपाई बाहेर काढायचे. इनामासाठी शिकार करणारा अशी ओळख त्यांना नको होती. दुसरी अट तर सरळ जिवाची होती. झुडूप हललं की चाप ओढणारे हात रानात असले की वाघाआधी माणूसच पडतो. डुकराच्या नादात माणूस गेल्याच्या बातम्या वाचणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

चंपावतच्या तहसीलदाराने मोठी हिंमत केली. हाक्याला या, बिनपरवान्याची बंदूक असली तरी घेऊन या, मी बघितलं नाही असं समजेन आणि दारूगोळा नसेल तर तोही देईन, असं त्याने गावोगाव कळवलं. ठरल्या दिवशी २९८ माणसं जमली. ज्यांच्या घरात बंदूक आहे हे शेजाऱ्यालासुद्धा माहीत नव्हतं असेही लोक त्या दिवशी बंदूक खांद्यावर घेऊन आले. त्यात काय काय असेल याची कल्पना कोकणातल्या माणसाला करता येईल. डोंगराच्या माथ्यावर ही माणसं उभी राहिली. इशारा झाला की बार काढायचे, ढोल वाजवायचे, दगड गडगडवायचे आणि वाघिणीला खालच्या खोऱ्यात आणायचं, असा बेत.

कॉर्बेट यांच्याकडे त्या दिवशी .५०० ची दुनळी रायफल होती आणि बरोबर काडतुसं तीन. फक्त तीन. दोन नेमाला आणि एक अडचणीला, हा त्यांचा हिशोब. पण इशारा व्हायच्या आधीच माथ्यावरची मंडळी सुरू झाली. तहसीलदाराने आपल्या बंदुकीचे दोन्ही बार काढले, दोन्ही फुकट. वाघीण वळली. कॉर्बेट यांची तीनही काडतुसं खर्ची पडली. वाघीण जखमी होऊन त्यांच्यासमोर एका कातळावर उभी राहिली आणि यांच्या हातात रिकामी रायफल.

ते पळत तहसीलदाराकडे गेले, त्याची बंदूक हिसकावल्यासारखी घेतली आणि परत फिरले. जवळ आल्यावर बघतात तर नळी आणि मागचा ठोकळा यांच्यात बोट जाईल एवढी फट. चाप ओढला तर गोळी पुढे आणि भडका मागे तोंडावर, डोळे जायची भीती. तरी त्यांनी वीस फुटांवरून वाघिणीच्या उघड्या जबड्यावर नेम धरून बार काढला. गोळी जबड्यात न जाता पंजात शिरली. नशीब एवढंच की आधीच्या गोळ्यांनी तिचं काम झालं होतं, ती तशीच कोसळली. कॉर्बेट यांनी पुढे लिहिताना हे काही लपवलेलं नाही. तीनच काडतुसं नेली ही चूक आपलीच होती, हेही त्यांनी मोकळेपणी मांडलं आहे.

वाघीण तपासली तेव्हा उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे मोडलेले निघाले. एक अर्धा, दुसरा मुळापासून. कुणाच्या तरी जुन्या गोळीने ते मोडले होते. सुळे गेल्यावर तिला सांबर-चितळ धरता येईना आणि ती माणसाकडे वळली. म्हणजे ४३६ माणसांच्या मरणाच्या मुळाशी एक चुकलेला बार होता. तो कुणी काढला, कुठे काढला, हे कधीच कळलं नाही.

याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेट यांना एक रायफल भेट दिली. तहसीलदारालाही दरबारात बंदूक देण्यात आली. ती फटीची बंदूक पाहता त्याला तिची गरज जास्तच होती!

कॉर्बेट यांना मिळालेली रायफल लंडनच्या रिग्बी कंपनीची, .२७५ बोअरची. दस्त्यावर चांदीची पट्टी आणि त्यावर चंपावतच्या वाघिणीचा उल्लेख कोरलेला. हिचा बोल्ट जर्मनीच्या माउझर बनावटीचा. ज्यांनी फक्त ठासणीची किंवा मोडून भरायची बारा बोअर पाहिली आहे त्यांच्यासाठी सांगायचं तर, बोल्ट म्हणजे दाराच्या कडीसारखी खिट्टी. दांडी वर उचलायची, मागे ओढायची, रिकामी टरफल बाहेर उडते. पुढे ढकलायची, खालच्या पेटीतलं नवं काडतूस नळीत जातं. दांडी खाली पाडली की कुलूप बसलं. सगळं मिळून दोन सेकंदांचं काम. पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षं दिसणारी .३०३ याच जातीची आणि परवानाधारकांना मिळणारी ईशापूर कारखान्याची .३१५ सुद्धा याच जातीची.

.२७५ चं काडतूस म्हणजे माउझरचं ७ मिलिमीटरचं काडतूस, इंग्रजांनी त्याला आपलं नाव दिलं एवढंच. त्यातली १४० ग्रेनची गोळी म्हणजे साधारण ९ ग्रॅम, पाऊण तोळा. वाघासारख्या जनावराला पाऊण तोळा शिसं? त्या काळचे साहेब शिकारी हसायचे. त्यांचा भर जाड गोळीवर. कॉर्बेट यांच्याकडेही .४५०/४०० ची दुनळी होती, तिची गोळी ४०० ग्रेनची, म्हणजे दोन तोळ्यांच्या वर. समोरून वाघ येणार असेल तर ते तीच घेत. दुनळीचा फायदा असा की दुसरा बार लगेच हाताशी असतो, बोल्ट खडखडवत बसावं लागत नाही. पण तिचं वजन जबर. कुमाऊंचे डोंगर म्हणजे कांगोरीच्या चढासारखे, दिवसाला पंधरा-वीस मैल चालायचं, तिथे हलकी रायफलच खांद्याला सोसते. आणि गोळी लहान असली तरी बसते तिथे बसली तर पुरते. कॉर्बेट यांचा सगळा भरवसा त्यावर होता. लांबून, अंदाजाने, पाठमोऱ्या जनावरावर ते शक्यतो बार टाकत नसत. जखमी जनावर सोडून घरी जाणं त्यांना मान्य नव्हतं. चंपावतचे मोडलेले सुळे त्यांनी बघितलेले होते.

या हलक्या रायफलीची खरी परीक्षा ११ एप्रिल १९३० ला झाली. चौगढची वाघीण, पाच वर्षांत ६४ माणसं मारलेली. तिच्या मागावर ओढ्यातून जाताना कॉर्बेट यांना पक्ष्याची दोन अंडी दिसली. त्यांना अंडी जमवायचा नाद होता, त्यांनी ती शेवाळात गुंडाळून डाव्या हातात घेतली. उजव्या हातात .२७५. एका मोठ्या कातळाला वळसा घालून पुढे आले आणि सहज मागे पाहिलं तर वाघीण आठ फुटांवर, पुढचे पाय पसरून, झेपेच्या तयारीत. रायफलीचं तोंड दुसरीकडे. झटकन फिरवली असती तर तिने झेप घेतलीच असती. त्यांनी एका हाताने, अगदी हळू, घड्याळाच्या काट्यासारखी ती नळी छातीवरून फिरवत आणली. अंडी हातातच. नळी सरळ आली आणि चाप ओढला. वाघीण जागेवर डोकं टेकून बसली. जड दुनळी असती तर एका हाताने ती अशी फिरवणं जमलं नसतं, हे उघड आहे. नंतर त्यांनी अंडी परत नेऊन घरट्याच्या जागी ठेवली. या वाघिणीचीही नखं मोडलेली, झिजलेली होती आणि एक सुळा तुटलेला होता.

पण सगळ्यात लांबलेली झुंज रुद्रप्रयागच्या बिबट्याशी. केदारनाथ-बद्रीनाथला जाऊन आलेल्यांनी रुद्रप्रयाग पाहिलं असेल, अलकनंदा आणि मंदाकिनीचा संगम आहे तिथे. या बिबट्याने १९१८ ते १९२६ या आठ वर्षांत १२५ माणसं मारली, त्यात यात्रेकरूही होते. १९१८ ला इन्फ्लुएंझाची साथ आली, इतकी माणसं मेली की लाकूड आणि खांदा पुरेना. मग तोंडात निखारा ठेवायचा आणि प्रेत दरीत लोटायचं. बिबट्याला ती चटक तिथे लागली, असं कॉर्बेट यांचं मत होतं.

गढवालात तेव्हा परवान्याच्या चार हजार बंदुका होत्या. सरकारने आणखी ३०० खास परवाने वाटले. रजेवर येणाऱ्या गढवाली शिपायांना फौजेची रायफल घरी न्यायला मुभा दिली. दहा हजार रुपये आणि दोन गावं असं इनाम लावलं. विष घातलं, चाप लावले, बंदुकांचे सापळे बांधले. इतक्या बंदुका असून आठ वर्षं बिबट्या फिरत राहिला. १९२१ साली दोघा तरुण इंग्रज अधिकाऱ्यांनी झुलत्या पुलावर बसून त्याच्यावर गोळी झाडली होती, ती फक्त पंजाला चाटून गेली. तो त्यानंतर पाच वर्षं जगला आणि अधिक सावध झाला.

कॉर्बेट स्वतःही पहिल्या खेपेला हात हलवत परतले. पुलाच्या मनोऱ्यावर थंडीत वीस रात्री काढल्या, काही उपयोग नाही. दुसऱ्या खेपेला गुलाबराय इथे यात्रेकरूंच्या वाटेवरच्या आंब्याच्या झाडावर बसले. खाली घंटा बांधलेली बकरी, हातात तीच .२७५, नळीला बॅटरी बांधलेली. दहा रात्री बसायचं ठरवलं होतं, त्या फुकट गेल्या. आणखी एक रात्र म्हणून अकराव्या रात्री वर चढले. अंधारात अचानक घंटा जोरात वाजली. त्यांनी बॅटरीचं बटण दाबलं, माशी खांद्यावर दिसली, बार काढला. त्याच क्षणी बॅटरी विझली. पुढे काय झालं ते कळायला मार्ग नाही. लागली की नाही, बिबट्या खाली आहे की गेला, काही नाही. उजाडेपर्यंत ते झाडावर तसेच बसून राहिले. सकाळी खाली उतरून पाहिलं तर बकरी जिवंत आणि उतारावर थोड्या अंतरावर एक म्हातारा नर बिबट्या मरून पडलेला. एकच गोळी. तारीख २ मे १९२६. पंजाची जुनी जखम आणि गेलेलं नख पाहून पुलावरचा तोच हा, याची खूण पटली.

दरम्यान पहिल्या महायुद्धात कॉर्बेट ५०० कुमाऊंनी माणसांची तुकडी घेऊन फ्रान्सला जाऊन आले होते. दुसऱ्या महायुद्धात साठी उलटल्यावर मध्य प्रांतातल्या छिंदवाड्याला सैनिकांना जंगलात कसं वावरायचं ते शिकवलं. शेवटचा नरभक्षक त्यांनी १९३८ ला ठाकमध्ये मारला, वय त्रेसष्ट. एकूण हिशोब सुमारे ३३ नरभक्षकांचा सांगितला जातो. पण हाताला कॅमेरा लागल्यापासून बंदुकीचा नाद कमी होत गेला होता. तलावावर साहेब लोकांनी एका दिवसात शेकड्याने पाणपक्षी पाडलेले पाहून त्यांना शिसारी आली होती. वाघाला न मारता त्याचं चित्रीकरण करण्यासाठी ते तासन्‌तास ओढ्याकाठी बसत. १९३६ मध्ये हेली राष्ट्रीय उद्यान झालं, त्यामागच्या खटपटीत ते होते. मृत्यूनंतर १९५७ ला त्या उद्यानाला त्यांचं नाव मिळालं.

शेतकऱ्याने बघण्यासारखी गोष्ट मात्र कालाढुंगीजवळच्या छोटी हल्द्वानीची आहे. १९१५ च्या सुमाराला कॉर्बेट यांनी ही पडीक जमीन विकत घेतली आणि त्यावर कुळं बसवली. रानडुकरं आणि हरणं पिकं खात. खोताच्या जमिनी कसलेल्या कोकणी माणसाला वाटेल की जमीनदाराने बंदुकीचे चार बार काढले असतील आणि सारा वसूल केला असेल. त्यांनी गावाभोवती काही किलोमीटर लांबीची दगडी भिंत घातली, आपल्या पैशाने. नाव एवढ्या मोठ्या शिकाऱ्याचं, पण डुकरांवर उपाय भिंतीचा. ती भिंत आजही बरीचशी उभी आहे. गावातल्या एका भरवशाच्या माणसाला त्यांनी राखणीसाठी एक बंदूकही दिली. पुढे देश सोडताना जमीन कुळांच्या नावे केली आणि परदेशात राहूनही मरेपर्यंत तिचा सारा स्वतः भरत राहिले.

१९४७ च्या अखेरीस कॉर्बेट आणि त्यांची बहीण मॅगी केनियाला गेले. दोघांचंही लग्न झालेलं नव्हतं, आयुष्यभर एकमेकांना सोबत. केनियात न्येरी इथे ते राहिले. १९५२ च्या फेब्रुवारीत राजकुमारी एलिझाबेथ तिथल्या झाडावरच्या मुक्कामी होत्या, तेव्हा सोबतीला कॉर्बेट होते. त्याच रात्री इकडे इंग्लंडात सँड्रिंगहॅमला राजे वारले आणि ती राणी झाली. १९ एप्रिल १९५५ ला हृदयविकाराने कॉर्बेट गेले. पुरलं न्येरीलाच.

.२७५ ची रायफल त्यांच्या पुस्तकांच्या प्रकाशकांकडे, ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेली. बरीच वर्षं ती तिथे होती. पुढे ती बनवणाऱ्या रिग्बी कंपनीकडेच परत आली आणि २०१६ मध्ये काही दिवसांसाठी कुमाऊंत आणून लोकांना दाखवण्यात आली. दस्त्यावरची चांदीची पट्टी तशीच आहे. छोटी हल्द्वानीची राखणीची बंदूक मात्र कुठल्या परदेशात गेली नाही. ज्याला दिली होती त्याच्या घरातच ती पुढच्या पिढ्यांनी जपली आहे, आणि गाव बघायला येणाऱ्यांना भिंतीबरोबर तीही काढून दाखवतात.